बोटीने महानगरात, हाताशी एकच दिवस: कुटुंबासाठी टप्प्याटप्प्याने नियोजन

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम, सकाळी ७ ते संध्याकाळी ७’ असं छापलेलं असतं. ते वाचून घरात बारा तासांचे बेत सुरू होतात: सकाळी कोलोसियम, दुपारी व्हॅटिकन, मध्ये कारंजी, शेवटी खरेदी. प्रत्यक्षात जहाज रोमला लागतच नाही. ते लागतं चिविताव्हेकियाला, रोमपासून सत्तरेक किलोमीटर लांब. त्या बारा तासांपैकी कुटुंबाच्या वाट्याला शहरात येतात जेमतेम पाच.

बोटीने मोठ्या शहरात जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा दिवस इथेच बिघडतो. ठिकाणं आधी ठरतात, वेळ नंतर मोजली जाते, आणि ‘परत कसं यायचं’ हा प्रश्न दुपारी तीन वाजता कुणाला तरी आठवतो. क्रम बरोबर उलटा हवा. आधी परतीची वेळ, मग परतीचा रस्ता, मग मधे उरलेल्या वेळात बसेल तेवढं शहर. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. पहिले सहा घरी बसून करायचे आहेत, जहाजावर चढल्यानंतर नाही.

## टप्पा १: बंदर कुठलं आणि धक्का कुठला

कार्यक्रमपत्रिकेवर शहराचं नाव ठळक असतं आणि बंदराचं बारीक अक्षरांत, कधी कधी फक्त कंसात. ते बारीक अक्षर आधी वाचा. काही नेहमीच्या जोड्या पाहा:

- पॅरिस म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर.
- बर्लिन म्हणजे वार्नेमुंडे, २०० किलोमीटरहून जास्त, रेल्वेने एका बाजूला अडीच-तीन तास.
- लंडन म्हणजे बहुतेक वेळा साउथॅम्प्टन, सुमारे १३० किलोमीटर.
- बँकॉक म्हणजे लाम चाबांग, १०० किलोमीटरहून जास्त, आणि शेवटचा पट्टा शहराच्या वाहतूक कोंडीतून.
- फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, सुमारे ९० किलोमीटर. पिसा मात्र तिथून बरंच जवळ.
- अथेन्स म्हणजे पिरेअस. इथे नशीब चांगलं: मेट्रो थेट मध्यवस्तीत जाते.

शहर तेच असलं तरी धक्के वेगळे असतात, आणि ही गोष्ट तर फारच थोडे लोक तपासतात. हाँगकाँगमध्ये जहाज ओशन टर्मिनलला लागलं तर शिडी उतरताच तुम्ही चिम शा चुईच्या गर्दीत असता. ‘काय टाक’ नावाच्या धक्क्याला लागलं तर जुन्या विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाला. सिडनीत सर्क्युलर कीला लागलेल्या जहाजातून ऑपेरा हाउस समोर दिसतं, पण व्हाइट बेला लागलं तर शहरात जायची सोय वेगळी बघावी लागते. (गंमत म्हणजे, तिथे फार उंच जहाजांना हार्बर ब्रिजखालून जाताच येत नाही, त्यामुळे मोठ्या जहाजाच्या प्रवाशांनाच जवळचा धक्का मिळतो.) न्यूयॉर्कला जाणारं जहाज मॅनहॅटन, ब्रुकलिन किंवा थेट पलीकडच्या न्यू जर्सीत बेयॉनला लागू शकतं.

जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. आता काही जहाजं मार्गेराला लागतात, काही राव्हेनाला किंवा त्रिएस्तला. ‘व्हेनिस’ छापलेल्या सहलीत राव्हेना निघालं, तर व्हेनिस तिथून शंभराहून अधिक किलोमीटर असतं.

तपासा: बंदराच्या संकेतस्थळावर ‘जहाजांचं वेळापत्रक’ असतं. तुमच्या तारखेला, तुमच्या जहाजाच्या नावासमोर कुठला धक्का लिहिला आहे ते बघा. निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा, कारण धक्के बदलतात.

## टप्पा २: कुणाबरोबर जायचं ते ठरवा

जहाजाची सहल घ्यायची की स्वतः फिरायचं? यावर लोक तावातावाने वाद घालतात, पण उत्तर अंतरावर अवलंबून आहे. जहाज कंपनीने नेलेली बस कोंडीत अडकली, तर जहाज सहसा थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवते. स्वतः गेलेल्या कुटुंबासाठी ते थांबत नाही.

माझा ठोकताळा असा: बंदर ते शहर एका बाजूला दीड तासाहून जास्त लागत असेल आणि बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर जहाजाची सहल घ्या, महाग पडली तरी. बऱ्याच कंपन्या ‘फक्त नेणं-आणणं’ असाही पर्याय देतात. त्यात बस शहरात सोडते, ठरलेल्या वेळी तिथूनच उचलते, मधे तुम्ही मोकळे. लांबच्या शहरांसाठी कुटुंबाला हाच सगळ्यात सोयीचा, आणि यादीत तळाला असल्यामुळे नेमका हाच नजरेतून सुटतो.

धक्का शहरातच असेल, जसं इस्तंबूलमध्ये गालातापोर्ट, तर सहल घेण्यात अर्थ नाही. ट्राम बाहेरच मिळते. चाळीस माणसांच्या घोळक्यात, झेंडा धरलेल्या माणसामागे मुलांना पळवत नेण्यापेक्षा स्वतःच्या चालीने फिरा.

## टप्पा ३: जहाजाचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ

जहाज चुकण्यामागे वाहतूक कोंडीइतकाच मोठा हात या टप्प्याचा असतो, म्हणून सावकाश वाचा.

जहाजावर जहाजाची वेळ चालते. बहुतेक वेळा ती बंदराच्या स्थानिक वेळेशी जुळवलेली असते, पण नेहमी नाही. एक-दोन दिवसांसाठी घड्याळं मागेपुढे नकोत म्हणून काही वेळा कप्तान आधीच्या देशाची वेळच कायम ठेवतो. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्याच्या मनोऱ्याशी जोडला जातो आणि गुपचूप स्थानिक वेळ दाखवू लागतो.

ग्रीसची वेळ इटलीच्या एक तास पुढे आहे. समजा जहाज ग्रीसहून निघालं, इटलीच्या बंदरात आलं आणि त्याने ग्रीक वेळच ठेवली. परतायची शेवटची वेळ ६:३०. तुमच्या मोबाइलवर ५:३० वाजलेत, तुम्ही आरामात आइस्क्रीम खाताय, आणि तिकडे ६:३० झालेत.

म्हणजे धोका कुठल्या दिशेने आहे हे लक्षात ठेवायचं: स्थानिक घड्याळ जहाजाच्या मागे असेल तेव्हा जहाज चुकतं. पुढे असेल तर फार तर तुम्ही तासभर आधी पोचाल.

उपाय साधा आहे. घरातल्या दोघांच्या मनगटावर काटे असलेली, कुठल्याही नेटवर्कशी न जोडलेली घड्याळं हवीत. ती जहाजाच्या वेळेवर लावायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. मोबाइलमध्ये ‘वेळ आपोआप बदला’ ही सोय बंद करता येते, तीही करा, पण भिस्त मनगटावर ठेवा.

तपासा: आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर दोन वेळा असतात: जहाज सुटण्याची आणि सगळ्यांनी जहाजावर असण्याची. दुसरी पहिलीच्या अर्धा ते एक तास आधी असते. तुमच्यासाठी दुसरीच खरी. त्या ओळीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

## टप्पा ४: दिवस शेवटाकडून मोजा

कागद घ्या आणि खालून वर लिहा. चिविताव्हेकिया-रोमचाच हिशेब बघू, रेल्वेने, स्वतः जाणाऱ्या कुटुंबासाठी:

- ७:०० जहाज सुटतं.
- ६:३० सगळे जहाजावर हवेत.
- ५:०० आपण धक्क्यावर. दीड तास राखीव, आणि हा राखीव वेळ शहरात खर्च करायचा नाही.
- ४:१५ चिविताव्हेकिया स्टेशन. इथून बंदराच्या फाटकापर्यंत चालत, मग आतल्या शटल बसने जहाजापर्यंत, मुलांसकट पाऊण तास धरा.
- ३:३० रोमच्या सान पिएत्रो स्टेशनवरून गाडी.
- ३:०० त्या स्टेशनवर आपण हजर. एखादी गाडी रद्द झाली तर पुढची पकडता यावी म्हणून.

आता सकाळ. जहाज ७:०० ला लागतं, पण बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कुणी उतरत नाही. साडेसात धरा. कुटुंब खाली येईपर्यंत आठ. शटल, चालणं, तिकीट: पावणेनऊ. नऊच्या सुमाराची गाडी, दहाच्या आत सान पिएत्रो.

दहा ते तीन म्हणजे पाच तास. जेवण, स्वच्छतागृहं आणि रांगा यांचे दीड तास वजा करा. साडेतीन तास उरले. कोलोसियम, व्हॅटिकन, कारंजी आणि खरेदी यातलं कुठलं तरी एक अधिक थोडं.

सान पिएत्रो का, टर्मिनी का नाही? कारण टर्मिनी हे मुख्य स्टेशन आहे म्हणून सगळे तिथेच जातात, पण बंदराकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या आधी सान पिएत्रोला थांबतात आणि तिथून व्हॅटिकनमधला सेंट पीटर्सचा चौक चालत जाण्यासारखा आहे. टर्मिनीपर्यंत जाऊन परत व्हॅटिकनकडे येण्यात कुटुंबाचा तासभर फुकट जातो. प्रत्येक शहरात असं एखादं ‘आधीचं स्टेशन’ असतं का, ते नकाशावर शोधा.

सावध: इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्यांची हमी असते. सकाळच्या हमीच्या गाडीने तुम्ही बिनघोर जाल आणि दुपारी परतायच्या वेळी फलाट रिकामा असेल. तारीख संपाच्या यादीत दिसली तर स्वतः जाण्याचा बेत सोडा.

दुसरा रस्ताही लिहून ठेवा. रेल्वे नसेल तर बस, बस नसेल तर टॅक्सी, आणि टॅक्सीला किती वेळ आणि पैसे लागतील. लांबच्या बंदरापर्यंतची टॅक्सी खिशाला झोंबते. तो आकडा आधीच माहीत असलेला बरा, म्हणजे ऐन वेळी घासाघीस करत दहा मिनिटं जात नाहीत.

## टप्पा ५: एक मोठं ठिकाण, एक मोकळी जागा

एका दिवसासाठी सूत्र इतकंच: तिकीट लागणारं एकच ठिकाण, आणि त्याच्या जोडीला मुलांना पळता येईल, मोठ्यांना बसता येईल अशी एक जागा. बाग, नदीकाठ, चौक, काहीही. दुसरं तिकिटाचं ठिकाण घातलंत की दिवस घड्याळाचा होतो. पहिल्या रांगेत वीस मिनिटं जास्त गेली की दुसऱ्याची वेळ हुकते, पैसे बुडतात, आणि मग राग मुलांवर निघतो.

ठिकाण ठरवताना आधी सुटीचा वार बघा. तुम्ही वार निवडलेला नाही, जहाजाने निवडला आहे. लूव्ह्र मंगळवारी बंद. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडाही मंगळवारी बंद, तिथला ग्रँड बाजार रविवारी. फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. अथेन्सचं अक्रोपोलिस उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली की ऐन दुपारी काही तास बंद ठेवतात. तिथे सकाळीच जायचं.

नावाजलेल्या ठिकाणांची तिकिटं आता ठरावीक वेळेची असतात, आणि कोलोसियमसारख्या ठिकाणी तिकिटावर नावही असतं, म्हणजे ओळखपत्र हवंच. वेळ निवडताना लोक हमखास फसतात. शहरात पोचण्याचा अंदाज दहाचा, म्हणून सव्वादहाचं तिकीट काढतात. धुक्यामुळे जहाज तासभर उशिरा लागलं की संपलं. अंदाजाच्या किमान दीड तास पुढची वेळ घ्या आणि मोकळी जागा आधी पाहा. वेळेवर पोचलात तर काही बिघडत नाही, मुलं तेवढी पळून घेतील.

प्रार्थनास्थळ असेल तर कपड्यांचा नियम वाचा. सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कडक उन्हात, तासभर रांगेत उभं राहून, दारातून परत फिरणारी कुटुंबं तिथे रोज दिसतात. एक पातळ ओढणी पिशवीत टाकली की काम भागतं.

राहता राहिली ती वर उघडी असलेली, चढा-उतरा पद्धतीची पर्यटक बस. पाय दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक फेरी ठीक आहे. ती प्रवासाचं साधन समजू नका. ती कोंडीत अडकते, दर थांब्यावर रेंगाळते, आणि परतीच्या घाईत भरलेली येते.

## टप्पा ६: कागद, पैसे, फोन

व्हिसा. जहाज एकाच फेरीत शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडून परत आत येत असेल, उदाहरणार्थ ग्रीस, मग तुर्की, मग पुन्हा ग्रीस, किंवा फ्रान्स, मग इंग्लंड, मग पुन्हा फ्रान्स, तर व्हिसा लागणाऱ्यांना एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर तिकीट काढलेली कुटुंबं पहिल्याच बंदरावर अडकू शकतात. ‘आम्ही त्या देशात उतरणारच नाही’ असं म्हणूनही दर वेळी सुटका होत नाही. काही बंदरांत जहाजावर राहणाऱ्यांनाही व्हिसा लागतो. जहाज कंपनीकडून प्रत्येक देशाचं उत्तर लेखी घ्या.

पासपोर्ट. उतरताना मूळ प्रत लागते की नाही हे बंदरागणिक बदलतं. काही फेऱ्यांत जहाज पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतं. मूळ प्रत केबिनच्या तिजोरीत ठेवणार असाल तर रंगीत छायाप्रत प्रत्येकाजवळ आणि फोटो दोन फोनमध्ये हवा. जहाजाचं कार्ड, म्हणजे चढता-उतरताना दाखवायचं ओळखपत्र, मात्र प्रत्येकाचं ज्याच्या त्याच्याकडे, अगदी लहान मुलांचं सोडून. सगळी कार्डं एकाच पर्समध्ये आणि पर्स चोरीला, ही परिस्थिती फार त्रासाची असते.

फोन. समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं मोबाइल नेटवर्क असतं. तुमच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. शेवटचा किनारा सुटला की फोन विमान मोडवर. जहाजाचं वायफाय हवं तर वेगळं चालू करा. शहराचा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि त्यावर तीन खुणा करा: धक्का, परतीचं स्टेशन, भेटायची जागा.

पैसे. कार्ड यंत्राने ‘स्थानिक चलनात की तुमच्या देशाच्या चलनात’ असं विचारलं तर स्थानिक निवडा, दुसरा पर्याय जवळपास नेहमी महाग पडतो. थोडी रोख हवीच. स्वच्छतागृहांना कित्येक ठिकाणी नाणी लागतात आणि लहान मूल कार्ड यंत्र शोधेपर्यंत थांबत नाही.

मुलांची तिकिटं. प्रत्येक शहराचा हिशेब निराळा. लंडनच्या मेट्रोत मोठ्या माणसाबरोबर ११ वर्षांखालची मुलं फुकट जातात, तर न्यूयॉर्कमध्ये वय नव्हे, उंची बघतात: ४४ इंचांपर्यंत फुकट. आणि कार्ड टेकवून जाण्याच्या पद्धतीत बऱ्याच शहरांत माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर सगळं कुटुंब सगळीकडे जात नाही.

## टप्पा ७: आदली रात्र

पिशवी रात्रीच भरा. एक पाठपिशवी मोठ्यांची, एक मुलांची, बस. पाणी, बदलायचा एक सदरा, औषधं, पावसाचं काहीतरी, चार्जर. औषधं दिवसभराची नव्हे, दोन दिवसांची घ्या. का, ते शेवटी कळेल.

बाबागाडी न्यायची असेल तर घडी होणारी, हलकी. जुन्या शहरांच्या दगडी फरसबंदीवर लहान चाकं अडकतात आणि मेट्रोच्या प्रत्येक स्थानकावर लिफ्ट नसते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी अंगाला बांधायची झोळी त्यापेक्षा बरी.

रात्री समुद्र खवळलेला असेल तर मळमळ थांबवायच्या गोळ्या घेतल्या जातात. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. पहाटे पुन्हा डोस दिलात तर मूल सकाळभर खांद्यावर झोपेल. जहाज बंदरात शिरलं की समुद्र शांत होतो, त्यामुळे त्या डोसची बहुधा गरजच नसते. जमिनीवर उतरल्यावर काही वेळ पायाखाली हलल्यासारखं वाटतं, तेही घाबरण्यासारखं नाही.

सावध: नाश्त्याच्या टेबलावरून फळं, अंडी, मांसाचे पदार्थ पिशवीत टाकून खाली नेऊ नका. बऱ्याच देशांत ताजं अन्न किनाऱ्यावर न्यायला मनाई आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एका सफरचंदासाठीही दंड होऊ शकतो.

## टप्पा ८: उतरणं

आधी बघा, जहाज धक्क्याला लागणार आहे की लांब नांगर टाकणार आहे. नांगर टाकला तर लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्यांना टेंडर म्हणतात, आणि बऱ्याचदा त्या जहाजाच्या जीवरक्षक बोटीच असतात. त्यासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात, सहलीवाले आधी जातात, आणि लाटा असतील तर व्हीलचेअरवरच्या माणसाला उतरू न देण्याचा अधिकार कर्मचाऱ्यांना असतो. तो निर्णय ऐन वेळी होतो, म्हणून बरोबर कोण थांबणार ते आधी ठरलेलं असू द्या. टेंडरच्या दिवशी टप्पा ४ च्या हिशेबात जाताना एक तास आणि येताना एक तास वाढवा.

बोटीत पाय टाकताना मुलाचा हात तुम्ही धरू नका, खलाशाला धरू द्या. त्याला लाटेचा ताल कळतो. तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत.

शिडी उतरण्याआधी चार गोष्टी, याच क्रमाने:

1. स्वच्छतागृह. सगळ्यांनी, ‘मला नाही लागली’ म्हणणाऱ्यांनीसुद्धा.
2. मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो. हरवलं तर ‘निळा शर्ट असावा बहुतेक’ असं सांगण्याची वेळ येत नाही.
3. मुलाच्या मनगटावर पट्टी किंवा खिशात चिठ्ठी: तुमचा नंबर देशाच्या संकेतांकासह, जहाजाचं नाव, धक्क्याचं नाव. मुलाचं नाव बाहेर दिसेल असं लिहू नका.
4. बंदरातल्या एजंटचा, म्हणजे तिथे जहाज कंपनीचं काम बघणाऱ्या माणसाचा, फोन नंबर. तो रोजच्या पत्रकावर छापलेला असतो. कागदावर लिहून घ्या, फोनची बॅटरी संपू शकते.

खाली आल्यावर वळून जहाजाकडे आणि फाटकाकडे बघा. फाटक क्रमांक, शटलच्या थांब्याचं नाव आणि शेवटच्या शटलची वेळ टिपा. मोठ्या बंदरात तीन-चार जहाजं एकाच वेळी असतात आणि संध्याकाळी सगळी सारखीच पांढरी दिसतात. बार्सिलोनाच्या लांबलचक धक्क्यावर चुकीच्या जहाजापाशी उतरलात तर बरंच चालावं लागतं.

## टप्पा ९: शहरात असताना

उतरल्या उतरल्या परतीचा फलाट, थांबा, शेवटची सोयीची गाडी बघून घ्या. शहरात येतानाचं तिकीट घेतानाच परतीचंही घ्या, दुपारी त्याच खिडकीवर सगळं जहाज उभं असतं. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो.

मेट्रोत शिरण्याआधी मुलांना एक नियम पाठ करून घ्या. दार लागलं आणि तू आत, आम्ही बाहेर राहिलो, तर पुढच्या स्थानकावर उतर आणि तिथेच उभा राहा. आम्ही पुढच्या गाडीने येतो. उलटं झालं, म्हणजे तू बाहेर राहिलास, तर हलू नकोस, आम्ही परत येतो. दोन्ही वेळा मुलाचं काम एकच: थांबणं. मुलाला परत उलट्या गाडीत बसायला सांगितलं की दोन्ही बाजू एकमेकांना शोधत फिरतात.

भेटायची जागा पुतळा किंवा कारंजं नसावी. त्यांच्या चारही बाजूंना गर्दी असते. एखाद्या दुकानाचं दार, संग्रहालयाच्या तिकीट खिडकीची डावी बाजू, इतकं नेमकं सांगा.

खिसेकापूंचं शास्त्र सगळीकडे सारखं: गर्दीची बस, सरकता जिना, आणि अचानक मदत करायला आलेला माणूस. रोममध्ये टर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ क्रमांकाची बस आणि बार्सिलोनातली ला राम्ब्ला यासाठी कुप्रसिद्ध आहेत. मुलांच्या पाठीवरच्या पिशवीत मौल्यवान काही नको, आणि बाबागाडीच्या दांड्याला पर्स लटकवायची नाही.

जेवण लवकर करा. साडेअकरा-बाराला जेवलेल्या कुटुंबाला बसायला जागा मिळते आणि दुपारची चिडचिड टळते. दीड वाजता, सगळ्यात देखण्या चौकात टेबल शोधणारी कुटुंबं पाऊण तास आणि बरेच पैसे तिथेच घालवतात.

तपासा: ठरलेल्या निघण्याच्या वेळेआधी एक तास थांबा आणि विचारा, आता निघालो तर आरामात पोचू का? उत्तर ‘हो’ असेल तर उरलेला तास मजेत घालवा. ‘बघू’ असेल तर लगेच निघा.

## टप्पा १०: परतताना

निघण्याची वेळ झाली की अर्धवट राहिलेलं अर्धवट सोडा. ‘फक्त पाच मिनिटं’ मोठी माणसंच मागतात, तीही खरेदीसाठी. म्हणून खरेदी आधी उरका किंवा बंदराजवळ पोचल्यावर राखीव वेळात करा, जहाज नजरेसमोर असताना.

कुटुंब दोन गटांत फिरत असेल तर शहरात एकत्र येऊ नका, एकमेकांची वाट बघण्यात दोन्ही गट अडकतात. दोघांनी आपापलं परतायचं आणि जहाजावर भेटायचं. प्रत्येक गटात एक मनगटी घड्याळ, बँकेचं एक कार्ड आणि एजंटचा नंबर हवा.

जहाजावर चढताना सामानाची तपासणी होते. बाहेरून घेतलेली दारू बहुतेक कंपन्या प्रवास संपेपर्यंत ठेवून घेतात. शोभेचा चाकू, सुरी, खेळण्यातली हुबेहूब बंदूक अडकते. मुलासाठी तलवार घेऊन आलात तर शिडीपाशी रडारड ठरलेली.

## जहाज चुकलंच तर

धक्क्यावरून हात हलवत बसू नका. बोट सुटल्यावर ती परत येत नाही, आणि लहान बोट घेऊन पाठलाग करायची कल्पना डोक्यातून काढा. पुढचं या क्रमाने करा:

1. बंदरातल्या एजंटला फोन. जहाजाशी त्याचा थेट संपर्क असतो. कोण कोण राहिलं आहे, ते सांगा.
2. कुटुंबातले काही जहाजावर असतील तर त्यांना एजंटमार्फत निरोप द्या. त्यांनी उतरायचं नाही.
3. पुढचं बंदर कुठलं, जहाज तिथे कधी पोचतं, हे विचारा. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर तुमच्या व्हिसावर तिथे जमिनीवरून किंवा विमानाने शिरता येतं का, हे तिकीट काढण्याआधी तपासा. पासपोर्ट जहाजावर राहिला असेल तर आधी तुमच्या देशाच्या वकिलातीला फोन करा.
4. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सगळ्या पावत्या ठेवा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचाच असतो. उशीर कशामुळे झाला याचा पुरावा, उदाहरणार्थ रेल्वेच्या फलकाचा फोटो, असेल तर दाव्याला उपयोग होतो.
5. रात्र काढायची जागा बंदराजवळ नव्हे, विमानतळ किंवा मुख्य स्टेशनाजवळ घ्या. सकाळी निघायचं तिथूनच आहे. दोन दिवसांची औषधं पिशवीत घ्यायला सांगितली होती ती याच रात्रीसाठी.